नदी समोरून आली की चढ!

आधी एक कोडं सोडवा. तुम्ही सायकलवर आहात. दोन्ही बाजूंना उंचच उंच डोंगर, मधून लांबलचक रस्ता. रस्ता अगदी सपाट दिसतोय, तरी पाय जड झालेत आणि वेग घटत चाललाय. तुम्ही दमलात, की रस्ताच चढतोय? फोनला रेंज नाही, त्यामुळे नकाशाही उघडत नाही. मग विचारायचं कुणाला?

नदीला! रस्त्याशेजारून नदी वाहत असेल तर तिच्याकडे बघायचं. पाणी समोरून तुमच्या दिशेने येत असेल, तर तुम्ही चढताय. पाणी तुमच्याबरोबर पुढे चाललं असेल, तर उतार. पाणी थापा मारत नाही. डोळे मात्र बिनदिक्कत मारतात. डोंगरांच्या गर्दीत क्षितिजाची आडवी रेषा दिसतच नाही. जिकडे बघावं तिकडे तिरकं. मग त्यातलं खरं किती तिरकं, हे ठरवताना मेंदूचा गोंधळ उडतो.

ही युक्ती पहिल्यापासून शेवटपर्यंत कामाला येते असा एक रस्ता कॅनडात आहे. त्याचं नाव आइसफील्ड्स पार्कवे. अल्बर्टा प्रांतात, रॉकी पर्वतात, जास्पर नावाच्या छोट्या गावापासून लेक लुईझपर्यंत तो जातो. लांबी साधारण २३२ किलोमीटर. तिथून पुढे साठेक किलोमीटरवर बॅन्फ गाव. सुरुवात जास्पर राष्ट्रीय उद्यानात आणि शेवट बॅन्फ राष्ट्रीय उद्यानात. बॅन्फ हे कॅनडाचं सगळ्यात पहिलं राष्ट्रीय उद्यान, १८८५ सालचं. जास्पर १९०७चं. हा रस्ता बांधायला घेतला १९३१ साली. तेव्हा जगभर महामंदी होती, लोकांच्या हातांना काम नव्हतं. ते मिळावं म्हणून सरकारने हा रस्ता काढला, आणि १९४० साली तो खुला झाला.

उन्हाळ्यात, म्हणजे तिथल्या जून ते सप्टेंबरमध्ये, या रस्त्यावर सायकलस्वारांच्या सहली निघतात. साधारण पाच-सहा दिवसांच्या. सोबत गाइड असतात. एक पुढे, एक अगदी शेवटच्या गड्याच्या मागे, आणि एक जण व्हॅन चालवतो. व्हॅनमध्ये सामान, जेवण, सुट्या ट्यूब, पंप आणि हवा गेलेल्या चेहऱ्याने येऊन बसणाऱ्यांसाठी दोन-चार रिकाम्या सीट. त्यात लाज बाळगायचं काही कारण नाही. मालवाहू ट्रकना या रस्त्यावर बंदी आहे, आणि सायकलवाल्यांना हा रस्ता आवडण्याचं ते एक मोठं कारण आहे. जूनअखेर जास्परला रात्री दहा वाजेपर्यंत उजेड असतो, त्यामुळे रमतगमत जायलाही हरकत नसते.

जास्पर सोडलं की अथाबास्का नदी भेटते. समोरून येते. कळलं ना? चढ सुरू.

पण नदीच्या आधी नजर जाते जळलेल्या झाडांकडे. जुलै २०२४ मध्ये इथे मोठा वणवा पेटला. तो गावात शिरला आणि गावातल्या जवळजवळ एक तृतीयांश इमारती जळाल्या. रस्त्याच्या कडेला काळे सरळसोट बुंधे उभे आहेत. इथलं एक झाड म्हणजे लॉजपोल पाइन. या पाइनची बरीचशी शंकूसारखी फळं डिंकासारख्या राळेने घट्ट चिकटलेली असतात. आत बिया असतात, पण बाहेर पडत नाहीत. वर्षानुवर्षं झाडावर तशीच बंद. वणव्याची धग लागली की राळ वितळते, शंकू उघडतात आणि बिया खालच्या राखेत पडतात. वरची मोठी झाडं जळून गेलेली असल्यामुळे तिथे ऊन भरपूर, आणि पाइनच्या रोपट्याला ऊन लागतंच. ज्या आगीत आई-बाप जळाले, तीच आग पोरांना जमिनीवर पोचवते. माणसांच्या घरांचं दुःख खरंच आहे, पण जंगलाच्या हिशेबात आग ही नेहमीच शेवट नसते.

आता सायकलकडे वळू. चढाला लागलात की गिअर बदलायचे, हे तुम्हाला ठाऊक आहे. पण गिअर बदलल्यावर नेमकं होतं काय? समजा पेडलजवळच्या मोठ्या दातेरी चाकाला ३४ दाते आहेत आणि मागच्या चाकाजवळच्या चक्रीलाही ३४. पेडल एकदा पूर्ण फिरवलं की मागचं चाकही बरोब्बर एकदाच फिरणार. अशा सायकलच्या चाकाचा घेर असतो साधारण २.१ मीटर, म्हणजे तुम्ही तेवढेच पुढे सरकलात. आता पुढे ५० दात्यांचं चाक घ्या आणि मागे ११ दात्यांची चक्री. पेडलच्या एका फेऱ्यात मागचं चाक साडेचारपेक्षा थोडं जास्त फिरतं आणि सायकल साडेनऊ मीटर पळते! मग सगळीकडे हाच गिअर का नाही लावायचा? कारण फुकट काही मिळत नाही. जास्त अंतर हवं तर प्रत्येक फेऱ्याला जोरही तितकाच जास्त लावायला हवा. चढावर तेवढा जोर आणायचा कुठून? म्हणून पहिला गिअर. पाय भराभरा फिरतात, सायकल गोगलगायीच्या चालीने जाते, पण जाते.

तुमच्याकडे गिअरची सायकल असेल तर ती उलटी करा, मागच्या टायरवर खडूने खूण करा, पेडल हाताने एकदा फिरवा आणि खूण किती वेळा वर आली ते मोजा. गिअर बदलून परत मोजा. फक्त साखळीत बोट जाऊ देऊ नका. साखळी बोट ओळखत नाही.

अथाबास्का धबधबा तीसेक किलोमीटरवर लागतो. तो २३ मीटरच उंच आहे, पण अख्खी नदी एका अरुंद खडकाळ फटीत कोंबली गेलीय, त्यामुळे आवाज असा की शेजारच्याशी ओरडून बोलावं लागतं. फोटो, पाणी, पुढे चला.

मग अथाबास्का सोडून सनवाप्टा नावाची नदी सोबतीला येते. सोबतीला कसली, तीही समोरूनच! आणि शंभराव्या किलोमीटरच्या अलीकडे खरा दम काढणारा चढ येतो. इथे एक हिशेब करू. तुम्ही, सायकल, पाण्याच्या बाटल्या, सगळं मिळून वजन धरा ९० किलो. (हे मोठ्या माणसाचं झालं. तुमचं अर्थात कमी भरेल.) आणि चढायचंय ४०० मीटर. वजन गुणिले ९.८ गुणिले उंची केलं की उत्तर येतं साधारण ३५० किलोज्यूल. आपले स्नायू खाल्लेल्या अन्नातली जेमतेम पाव भाग ऊर्जा पेडलपर्यंत पोचवतात. उरलेला पाऊण भाग उष्णता होऊन अंगाबाहेर जातो. म्हणजे खर्च चौपट, १४०० किलोज्यूल. कॅलरीत सांगायचं तर साडेतीनशेच्या आत-बाहेर, म्हणजे तीन-साडेतीन पोळ्या. एवढा आटापिटा आणि फक्त साडेतीन पोळ्या? हो! आणि त्यातल्याही अडीच पोळ्या नुसत्या घामावर गेल्या.

घाम मात्र वाया गेला असं समजू नका. तो वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातो. तो नसता तर चढ संपायच्या आत आपण तापून बेजार झालो असतो.

घामेजून वर पोचावं, तर अचानक थंडगार वारा तोंडावर येतो. आभाळ निरभ्र, झाडाचं पान हलत नव्हतं, मग हा वारा आला कुठून? मान उजवीकडे वळवा. डोंगराच्या दोन खांद्यांमधून बर्फाची एक रुंद जीभ खाली उतरलेली दिसेल. ही अथाबास्का हिमनदी. सुमारे सहा किलोमीटर लांब आणि किलोमीटरभर रुंद. बर्फाला टेकलेली हवा गार होते, गार हवा जड असते, आणि जड हवा उताराने खाली ओघळते. तीच तुमच्या अंगावर येते. उंचीमुळेही गारठा वाढलेला असतोच. दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंश तापमान उतरतं आणि जास्परपासून तुम्ही जवळपास तेवढेच वर आलेले असता. म्हणून गाइड लोक इथे पहिलं वाक्य बोलतात ते ‘जॅकेट घाला’ हेच. जेवणाचं नंतर.

हिमनदी वाहते, बरं का. अगदी हळू, वर्षाला काही मीटर ते शंभरेक मीटर. तरीही तिचं टोक दरवर्षी मागे सरकतंय. पुढे वाहणारी नदी मागे कशी जाईल? कारण वरून बर्फ जितका खाली येतो, त्यापेक्षा जास्त टोकाशी वितळतो. १८४०च्या दशकात हे टोक आज रस्ता आहे तिथवर होतं. गेल्या सव्वाशे वर्षांत ते दीड किलोमीटरहून जास्त मागे गेलंय. पार्किंगपासून हिमनदीकडे जाणाऱ्या पायवाटेवर वर्षांचे आकडे लिहिलेल्या पाट्या रोवल्यात. अमुक साली बर्फ इथे होता, तमुक साली इथे. पाटीपाशी उभं राहून बघायचं, तर बर्फ कुठल्या कुठे! आजीच्या लहानपणीच्या पाटीपासून आपल्या जन्मसालापर्यंत चालत जाता येतं. मला विचाराल तर या अख्ख्या रस्त्यावर न चुकवण्यासारखी जागा हीच. बर्फावर मात्र गाइडशिवाय पाऊल टाकायचं नाही. वरून सपाट दिसणाऱ्या बर्फात खोल भेगा लपलेल्या असतात.

ही हिमनदी निघते कोलंबिया आइसफील्डमधून. दोनशे चौरस किलोमीटरहून मोठं हे बर्फाचं मैदान डोंगरांच्या माथ्यावर पसरलंय. तिथे स्नो डोम नावाचं शिखर आहे, ३,४५० मीटरच्या आसपास उंच. त्याची गंमत ऐका. भूगोलात जलविभाजक शिकला असाल. पावसाचं पाणी डोंगराच्या एका बाजूला पडलं तर एका नदीला, दुसऱ्या बाजूला पडलं तर दुसऱ्या नदीला. इथे बाजू दोन नाहीत, तीन आहेत. स्नो डोमच्या एका अंगाचं पाणी अथाबास्कामार्गे उत्तरेला आर्क्टिक महासागरात जातं. दुसऱ्या अंगाचं कोलंबिया नदीतून पॅसिफिकला. तिसऱ्या अंगाचं सस्कॅचेवान नदीतून हडसन उपसागरात, आणि तिथून अटलांटिकला. शेजारी शेजारी पडलेले हिमाचे तीन कण तीन महासागरांना!

आणि तुम्ही सायकलवरून त्यातली एक सीमा ओलांडणार आहात. हिमनदीपासून थोडं पुढे सनवाप्टा खिंड आहे, २,०३५ मीटर उंचीवर. इथेच जास्पर उद्यान संपतं आणि बॅन्फ सुरू होतं. खिंडीच्या अलीकडचे ओढे तुमच्या समोरून येत होते आणि उत्तरेकडे निघाले होते. पलीकडचे ओढे तुमच्याबरोबर पळायला लागतात. हे पाणी नॉर्थ सस्कॅचेवान नदीचं. नदी पुढे चालली, म्हणजे? बरोबर! उतार!

उतारावर पेडल मारायलाच नको. मघाशी पोळ्या जाळून जे ३५० किलोज्यूल वर चढवले, ते आता परत मिळतात. पण सायकल तर वेडीवाकडी पळू द्यायची नाही. मग ती ऊर्जा जाते कुठे? थोडी हवेला ढकलण्यात आणि थोडी ब्रेकमध्ये. नुसत्या ब्रेकनेच ४०० मीटर उतरायचं म्हटलं, तर जेवढी उष्णता तयार होईल तेवढ्यात एक लिटर गार पाणी उकळेल! म्हणून ब्रेक सतत दाबून धरायचा नाही. वळणाच्या आधी नीट दाबायचा, मग सोडायचा, जरा वारा लागू द्यायचा. आणि उतरल्यावर डिस्क ब्रेकच्या चकतीला हात लावून बघायचा मोह झाला, तर तो आवरायचा.

खाली, १,४०० मीटरच्या आसपास, सस्कॅचेवान क्रॉसिंग लागतं. पेट्रोलपंप, जेवणाची जागा, एवढंच. आणि मग... मिस्टाया नदी समोरून येते. अरे देवा! पुन्हा सहा-सातशे मीटर चढ.

हा टप्पा अस्वलांचा. खरं तर सगळाच रस्ता अस्वलांचा, काळ्या अस्वलांचा आणि दांडग्या ग्रिझलींचा. उन्हाळ्याच्या सुरुवातीला ती रस्त्याकडेची पिवळी डँडेलियनची फुलं चरतात, आणि जुलै-ऑगस्टमध्ये बफेलोबेरी नावाची लाल फळं ओरपतात. एक ग्रिझली दिवसाला लाखाहून जास्त फळं खाऊ शकते. हिवाळ्यात गुहेत झोपायचं तर अंगावर चरबी हवी ना! अशा वेळी तोंड झुडपात असतं, आणि आपली सायकल येते आवाज न करता, वेगाने. अस्वल दचकलं तर धोका. म्हणून वळणावर, ओढ्याजवळ, झुडपांच्या बाजूला सगळे मोठमोठ्याने ओरडतात, गाणी म्हणतात. गाणं बेसूर असलं तरी चालतं. नियम असा की अस्वलापासून आणि लांडग्यापासून किमान १०० मीटर लांब राहायचं, एल्क नावाची मोठी हरणं, साधी हरणं आणि डोंगरी मेंढ्या यांच्यापासून ३० मीटर. शिवाय प्रत्येकाजवळ अस्वलावर मारायचा फवारा असतो, हात घातला की लगेच मिळेल असा. त्यात काय असतं माहीत आहे? मिरची! मिरचीतला जो पदार्थ आपल्या जिभेला झोंबतो, कॅप्सेसिन, तोच. अस्वलाच्या डोळ्या-नाकात गेला की ते माघार घेतं. जखम होत नाही, थोड्या वेळाने त्याचं झोंबणंही थांबतं.

इथल्या कचराकुंड्या जरूर बघा. लोखंडी, जाड, आणि उघडायची कडी बाहेर दिसतच नाही. झाकणाच्या पुढे एक खोबण असते. तळहात वर करून बोटं आत घालायची, आतली पट्टी दाबायची, मग झाकण उघडतं. माणसाची बोटं आत मावतात, अस्वलाचा पंजा मावत नाही. उष्ट्या खाण्याची चटक लागलेलं अस्वल पुन्हा पुन्हा माणसांजवळ येतं आणि शेवटी त्यालाच मारावं लागण्याची वेळ येते. त्यामुळे केळ्याचं सालही रस्त्यावर टाकायचं नाही. सगळं व्हॅनमध्ये.

चढ संपतो बो खिंडीत, साधारण २,०७० मीटरवर. या रस्त्यावरची सगळ्यात उंच जागा. सायकल लावून थोडं चालत गेलात की खाली पेटो तलाव दिसतो, आणि पहिल्यांदा बघणारा प्रत्येक जण म्हणतो, रंग ओतलाय! इतका गडद निळा-हिरवा. रंग कुणी ओतलेला नाही. हिमनदी सरकताना तिच्या तळाशी अडकलेले दगड खालच्या खडकावर घासले जातात, जात्यात भरडल्यासारखे. त्यातून इतकं बारीक पीठ निघतं की ते पाण्यात लवकर तळाशी बसत नाही, तरंगत राहतं. उन्हातले लाल-पिवळे रंग पाणी गिळतं. निळा-हिरवा उरतो, तो या पिठाच्या कणांवर आपटून आपल्या डोळ्यांकडे परत येतो. पुरावा हवा? उन्हाळ्याच्या सुरुवातीला, हिमनदीतून अजून फारसं पाणी आलेलं नसतं तेव्हा, तलाव साधा गडद निळा दिसतो. जुलै-ऑगस्टमध्ये पीठ येतं आणि रंग चढतो.

खिंडीपलीकडे बो नदी सुरू होते आणि ती थेट बॅन्फपर्यंत तुमच्याबरोबर पुढे पुढे जाते. पुढे हीच नदी कॅलगरी शहरातून जाते. तिथे तुमचा मामा किंवा आत्या राहत असेल, तर त्यांच्या नळाला जे पाणी येतं त्यातलं बरंचसं याच डोंगरातलं.

लेक लुईझजवळ मोठा हमरस्ता लागतो, ट्रान्स-कॅनडा हायवे. त्यावर चक्क झाडं लावलेले पूल दिसतात. पुलावर माणूस नाही, गाडी नाही. ते पूल प्राण्यांसाठी आहेत! पूर्वी इथे एल्क, हरणं, अस्वलं गाड्यांखाली सापडायची. मग रस्त्याच्या दोन्ही कडांना २.४ मीटर उंच कुंपण घातलं आणि प्राण्यांना पलीकडे जायला वरून ६ पूल आणि खालून ३८ भुयारी वाटा केल्या. सुरुवातीला लोक हसले असतील, प्राण्यांना पूल कोण दाखवणार म्हणून. अभ्यासकांनी वाटांवर वाळू पसरली आणि रोज उमटलेले ठसे वाचले. पुढे कॅमेरे लावले. हरणं लवकर सरावली, पण ग्रिझलींना विश्वास बसायला काही वर्षं लागली. आणि आवडीनिवडी तरी बघा. ग्रिझली आणि एल्कला मोकळा, रुंद पूल आवडतो. काळं अस्वल आणि प्यूमा यांना अरुंद, झाकलेलं भुयार बरं वाटतं. या सगळ्यामुळे प्राणी आणि गाड्यांच्या टकरी ८० टक्क्यांहून जास्त कमी झाल्या.

कधी गेलात तर एवढं करा. निघण्याआधी ब्रेक तपासा, गाइडच्या पुढे धावू नका आणि अस्वल दिसलं की सेल्फीसाठी थांबू नका. आणि हो, अल्बर्टात १८ वर्षांखालच्या सायकलस्वाराला हेल्मेट कायद्यानेच सक्तीचं आहे. त्यामुळे ‘तिकडे कुणी घालत नाही’ ही सबब आईला सांगायची सोय नाही.